शिवणीच्या पाच तोफा

१७ एप्रिल १८१८ या दिवशी पांढरकवड्याजवळच्या शिवणी या गावापाशी दुसरा बाजीराव पेशवा आणि कर्नल ॲडम्सची फौज यांची गाठ पडली. हे शिवणी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातले. मध्य प्रदेशातल्या सिवनी शहराशी त्याची गल्लत करू नये. लढाई म्हणावी असे तिथे फारसे काही घडले नाही. पेशवा घोड्यावर बसून निसटला. त्याने नुकतीच सोडलेली पालखी इंग्रजांच्या हाती लागली तेव्हा तिला गोळ्याने भोक पडलेले होते. पालखीबरोबर तीन हत्ती, सुमारे दोनशे उंट आणि पाच तोफाही सापडल्या. पेशव्याजवळ तेव्हा तेवढ्याच तोफा उरल्या होत्या.

मराठी राज्याच्या शेवटाच्या ज्या तारखा आपण शाळेपासून घोकतो त्यांत ही तारीख नसते. ५ नोव्हेंबर १८१७ची खडकी असते, त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजी निशाण असते, २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला पडलेले बापू गोखले असतात आणि ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झालेला बाजीराव असतो. या साऱ्या माणसांच्या तारखा आहेत. शिवणीची तारीख एका संस्थेची आहे. राज्याच्या पदरचा तोफखाना नावाचे जे खाते, जे पथक, जी पिढीजात मिरास होती, तिचा मागे राहिलेला तुकडा त्या दिवशी वऱ्हाडच्या काळ्या मातीत शत्रूच्या हाती गेला. तोफखान्याचा इतिहास लिहायचा तर त्याचे शेवटचे पान पुण्यात सापडत नाही. ते पांढरकवड्याला सापडते. आणि त्या पानावर पाच तोफांची नोंद असली तरी त्या ओढणाऱ्या, भरणाऱ्या, डागणाऱ्या एकाही माणसाचे नाव नाही. प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते या अभावाचे.

पेशव्यांचा तोफखाना म्हटला की पानसे हे आडनाव येतेच. सासवडजवळचे सोनोरी हे त्यांचे गाव. गावात त्यांचा वाडा आहे आणि गावावर मल्हारगड. हा किल्ला १७५७ ते १७६० या काळात भिवराव यशवंत पानसे आणि कृष्णाजी माधवराव पानसे या तोफखान्याच्या सरदारांनी बांधला. मराठ्यांनी बांधलेला हा अखेरचा किल्ला असे समजले जाते. किल्ला आकाराने लहान. दिवे घाटाच्या वाटेवर नजर ठेवण्यापुरता. पण बांधणाऱ्यांकडे पाहिले तर त्याला निराळा अर्थ येतो. घोडदळाचा सरदार किल्ला राखतो, जिंकतो, क्वचित गमावतो. त्याचे खरे घर घोड्याची पाठ. तोफखान्याच्या सरदाराला मात्र दारूसाठी कोठार लागते, गोळे रचायला जागा लागते, बैलांना चारा लागतो, लोहार-सुतारांना पडवी लागते. त्याचा पेशाच त्याला जमिनीशी बांधून ठेवतो. मल्हारगडाच्या बुरुजावर उभे राहिले की हा फरक चटकन ध्यानात येतो.

आता या फरकातच मराठ्यांच्या तोफखान्याची सारी अडचण आहे. सतराव्या शतकात जी युद्धपद्धती मराठ्यांच्या अंगी मुरली ती चपळाईची होती: झडप घालायची, निसटायचे, पुन्हा यायचे. तिच्यात जड सामान हा अडथळा. अठराव्या शतकात राज्य पसरले, किल्ले घेण्याची आणि उघड्या मैदानावर ठाण मांडण्याची वेळ आली, तेव्हा तोफेची गरज पडली. पण तोफ हे शस्त्र पळू शकत नाही. तोफ घेऊन बाहेर पडलेल्या सैन्याला कुठे तरी उभे राहावेच लागते. या दोन स्वभावांचा मेळ कसा घालावा हे कोडे मराठी सेनानींना शेवटपर्यंत नीट सुटले नाही, असे माझे मत आहे. आणि शिवणीला ते कोडे अगदी उघडे पडलेले दिसते. तिथे एक राजा तोफा घेऊन पळत होता.

या कोड्याचे सर्वांत मोठे उत्तर पत्रिकेत लिहून पाहिले गेले ते पानिपतावर. इब्राहिमखान गारदी हा बुसीच्या हाताखाली तयार झालेला, आधी निजामाच्या चाकरीत असलेला सेनानी. सदाशिवरावभाऊने त्याला पदरी घेतले. फेब्रुवारी १७६०च्या उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी आणि कवायती पायदळाने काय होऊ शकते ते सर्वांना दाखवले. पुढे पानिपतावर आखलेली गोलाची लढाई, म्हणजे तोफा आणि पायदळ यांच्या आडोशाने संपूर्ण सैन्य एकसंध सरकवत नेणे, ही मराठी युद्धरीतीच्या विरुद्ध जाणारी कल्पना होती. घोडदळाच्या जुन्या सरदारांना ती रुचली नव्हती. त्यांना आणखी एक गोष्ट सलत होती: गारद्यांना पगार रोख आणि महिन्याच्या महिन्याला मिळत असे. शिलेदाराचा हिशेब सरंजामावर आणि लुटीवर चाले, त्यामुळे वेळेवर पगार मागणारा सैनिक त्याच्या दृष्टीने भाडोत्रीच.

काशीराज पंडिताने पानिपतचा जो वृत्तांत लिहून ठेवला आहे त्यात १४ जानेवारी १७६१च्या सकाळचा एक प्रसंग आहे. लढाईला तोंड लागण्यापूर्वी इब्राहिमखान भाऊसमोर येतो. मी माझ्या माणसांच्या पगारासाठी हट्ट धरत आलो आणि आपण त्याबद्दल नाराज होता, तो पैसा फुकट गेला नाही हे आज दिसेल, अशा आशयाचे तो बोलतो. त्या दिवशी त्याची पथके डाव्या बाजूला रोहिल्यांवर चालून गेली आणि बहुतेक तिथेच संपली. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. पगारावर लढणारा माणूस निष्ठेने लढत नाही हा सिद्धांत ज्यांना मांडायचा असेल त्यांनी एवढा एक प्रसंग आधी बाजूला सारायला हवा. तोफखान्याची पहिली परंपरा कोणती असे मला कुणी विचारले, तर मी हिचेच नाव घेईन: मोल घेऊन काम करायचे आणि घेतलेल्या मोलाला जागायचे.

भाषेने मात्र या माणसांना न्याय दिला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, तो गारद्यांच्या हातून, आणि तेव्हापासून मराठीत 'गारदी' म्हणजे मारेकरी. एका सुमेरसिंगाने इब्राहिमखानाला झाकून टाकले. ऐतिहासिक नाटके-कादंबऱ्यांतला गारदी आठवून पाहा. तो बहुधा वाड्याच्या जिन्यात तलवार उपसून उभा असतो, तोफेजवळ क्वचितच. तिकडे पानिपताने आपल्याला 'भाऊगर्दी' हा शब्द दिला. भाऊसाहेबाच्या सैन्याची उडालेली दाणादाण हा त्याचा मूळ अर्थ. आज उमेदवारी अर्जांच्या मोसमात वर्तमानपत्रे इच्छुकांची भाऊगर्दी झाल्याचे छापतात तेव्हा त्या शब्दाखाली काय गाडले गेले आहे हे छापणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. (गर्दी आणि गारदी हे शब्द दिसायला सख्खे वाटले तरी ते एकच नव्हेत, हे जाता जाता सांगायला हवे.)

पानिपतावरच्या तोफा गेल्या, पण खाते मोडले नाही. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत ते पुन्हा उभे राहिले. ओतूरकडच्या आंबेगव्हाणला आणि पुण्यात गोळ्यांचे कारखाने चालले. या खात्याचा पसारा समजून घ्यायला कविकल्पनेचा उपयोग नाही. एका तोफेमागे गोलंदाज मूठभर असत आणि इतर माणसे कितीतरी अधिक: गाडीवान, बेलदार, लोहार, सुतार, पखालजी, दारूच्या पिशव्या वाहणारे. वाट खचली तर बेलदाराने ती करायची, आरा मोडला तर सुताराने घालायचा, बैल बसला तर दुसरी जोडी जुंपायची. सरकारी तोफखान्याला 'जिन्सी' हे नाव होते आणि छत्रपती संभाजीनगरातल्या, ग्वाल्हेरच्या जिन्सी या वस्त्यांतून ते आजही ऐकू येते. जुन्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तोफखाना हेच एका पेठेचे नाव आहे. पथके विसर्जित झाली, वस्त्या राहिल्या.

या खात्याच्या कर्तबगारीचा एक प्रसंग सांगायचा तर तो १७७९चा. मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबाला घेऊन बोरघाट चढून पुण्याकडे निघाली, तेव्हा तिच्या वाटेवर भिवराव पानसे तोफा घेऊन होते. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मराठ्यांनी या शूर शत्रूचे नाव 'इष्टुर फाकडा' असे करून घेतले आणि वडगाव मावळात त्याची समाधी नवसाला पावते अशी श्रद्धा पुढे रुजली. पुणे हाकेच्या अंतरावर आलेले असताना इंग्रज तळेगावहून माघारी फिरले. फिरताना आपल्या जड तोफा त्यांनी तिथल्या तळ्यात ढकलून दिल्या. मग वडगावचा तह झाला. तोफ टाकून पळावे लागणे ही गोलंदाजाच्या दृष्टीने कोणती नामुष्की असते, याचा अनुभव त्या जानेवारीत इंग्रजांनी घेतला. इष्टुर फाकड्याचे नाव मावळात आजही घेतले जाते. त्याला टिपणारा गोळा कोणत्या गोलंदाजाने सोडला, हे सांगणारे कुणी नाही. शत्रूच्या मृताला आपण देव केले आणि आपल्या नेमबाजाचे नाव लिहून ठेवायचे विसरलो!

याच्या नेमके उलट चित्र बारा वर्षांनी धारवाडला दिसते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला वेढा घातला होता आणि मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी होती. तिच्यात एडवर्ड मूर नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे १८१०मध्ये हिंदू देवदेवतांवर सचित्र ग्रंथ लिहिणारा तो हाच मूर. त्याने १७९४ साली या मोहिमेचे वर्णन प्रसिद्ध केले. तो म्हणतो की मराठ्यांच्या मोर्चावर तोफ भरली की सारी मंडळी बसतात, गप्पा मारतात, हुक्का ओढतात, अर्ध्या तासाने तोफ उडते, गोळ्याने धुरळा उडवला की समाधान, आणि पुन्हा भरणे, पुन्हा हुक्का. दुपारी दोन घटका दोन्ही बाजूंनी आपसांतल्या समजुतीने गोळाफेक बंद, कारण जेवणाची वेळ.

हे वाचून हसू येते आणि यावेच. मूरच्या लेखणीला खोचकपणाचा सोस होता, आपल्या सैन्याची शिस्त दाखवण्यासाठी त्याला दुसऱ्याचे शैथिल्य हवे होते, हेही खरे. तथापि त्याने पाहिले ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. जड, ओबडधोबड, निरनिराळ्या मापांच्या तोफा भराभर डागल्या तर फुटण्याचा धोका असे. प्रत्येक तोफेचे गोळे वेगळे. दारूचा पुरवठा अनिश्चित. ज्या खात्याचे कारखानदार, कारकून आणि सरदार पिढीजात झालेले आहेत त्याचा वेग हळूहळू सणवाराचा वेग होतो. खंडेनवमीला तोफांना शेंदूर लागतो, फुले वाहिली जातात, दसऱ्याला सलामीचे बार होतात, आणि उरलेल्या वर्षात तोफ मोजली जाते, दुरुस्त होतेच असे नाही. पानशांच्या घराण्याने भिवरावांसारखा माणूस दिला, पण हक्क म्हणून चालत आलेल्या हुद्द्यात दुसरा भिवराव निपजेल याची हमी कोण देणार?

ज्यांनी हा वेग बदलला ते महादजी शिंदे. द बॉयनच्या देखरेखीखाली कवायती पलटणी आणि आग्र्यात ओतलेल्या एकसारख्या तोफा ही त्यांची निर्मिती. तिची परीक्षा महादजींच्या मृत्यूनंतर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ झाली. वेलस्लीने ती लढाई जिंकली, शिंद्यांच्या ९८ तोफा घेतल्या. पण त्याचे दीड हजारांवर लोक ठार-जखमी झाले आणि त्यांतले बहुतेक तोफांपुढे. तिथल्या गोलंदाजांचे वर्तन शत्रूनेच लिहून ठेवले आहे. इंग्रजी रांगा तोफांवरून पुढे गेल्या तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन गाड्यांखाली पडलेले गोलंदाज उठले, तोफांची तोंडे त्यांनी उलटी फिरवली आणि पाठीमागून मारा सुरू केला. त्यांना पुन्हा एकदा, माणसागणिक, मारावे लागले. धारवाडचा हुक्का आणि असईचे हे मरण यांत अवघी बारा वर्षे आहेत. जातीचा, प्रदेशाचा किंवा रक्ताचा गुण शोधणाऱ्यांनी या दोन दृश्यांचा विचार करावा. फरक पडला तो शिक्षणाने, सारख्या मापाच्या तोफेने आणि वेळेवरच्या पगाराने.

असईनंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पुन्हा पराभव झाला; १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि तो निजामाकडे गेला. यवतमाळ-पांढरकवड्याचा मुलूख त्यातच आला. म्हणजे शिवणीला पेशव्याच्या शेवटच्या तोफा गेल्या त्या निजामाच्या हद्दीत. इब्राहिमखान ज्या दरबारातून पुण्याकडे आला होता, त्याच दरबाराच्या मुलखात.

पेशव्यांच्या तोफखान्याला खरा तडा यापूर्वीच, ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने, गेला होता. बाजीरावाने कंपनीचे सहा हजार पायदळ आपल्या राज्यात ठेवून घेतले, तेही मैदानी तोफा आणि त्या चालवणारे गोरे गोलंदाज यांच्यासह, आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. राज्याची तोफ राज्याने स्वतः बाळगायची ही गोष्टच त्या कागदाने निरर्थक करून टाकली. पुढे बाजीरावाने इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटण उभारली, तिला पगारही दिला. खडकीच्या दिवशी ती फोर्डची पलटण दापोडीहून निघाली आणि आपल्या तोफांसह इंग्रजांना जाऊन मिळाली. पगार कोणाच्या खजिन्यातून येतो यापेक्षा हुकूम कोणाच्या तोंडून येतो हे तिथे निर्णायक ठरले. इब्राहिमखानाच्या सकाळपासून आपण इथवर आलो.

१ जानेवारी १८१८ला कोरेगावात पेशव्याच्या बाजूला अवघ्या दोन तोफा होत्या, कंपनीच्याही दोनच. कंपनीच्या त्या दोन तोफांवर मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज होते. त्यांतले १२ मेले, ८ जखमी झाले, त्यांचा अधिकारी चिझम मारला गेला आणि एक तोफ अरबांनी काही काळ हिसकावूनही घेतली. त्या गावातल्या पायदळाच्या शौर्याची, विशेषतः महार शिपायांच्या धैर्याची, चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. पेशव्यांच्या तोफांवर कोण होते हे कुठेही कोरलेले नाही. हरलेल्या बाजूची नावे कोण कोरतो, असे म्हणता येईल. पण तळेगावला आपण हरलो नव्हतो.

तिथून पुढचे चार महिने म्हणजे निव्वळ धावपळ. दक्षिणेला कर्नाटकापर्यंत, तिथून सोलापूरकडे, आष्टीला बापू गोखले आणि छत्रपती दोघेही गमावून उत्तरेला, आणि मग नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या भरवशावर पूर्वेला वणीकडे. त्या भरवशातही फारसा अर्थ उरला नव्हता. १६ डिसेंबर १८१७च्या नागपूरच्या लढाईत भोसल्यांचा तोफखाना इंग्रजांच्या ताब्यात गेला होता आणि मार्चमध्ये खुद्द आप्पासाहेबांना अटक झाली होती. एप्रिलच्या सुरुवातीला वर्धेच्या काठी पेशव्याची आघाडी मागे लोटली गेली. एका बाजूने डव्हटन येत होता, दुसऱ्या बाजूने ॲडम्स. डव्हटनला टाळायला जावे तो ॲडम्स समोर, अशी ती कोंडी शिवणीला झाली.

ॲडम्सजवळ त्या वेळी हजर होती ती घोडदळाची एक रेजिमेंट आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा. पायदळ मागे होते. घोडा धावतो त्या वेगाने धावणारी तोफ आणि बैल चालतो त्या वेगाने चालणारी तोफ समोरासमोर आल्या. काळ्या जमिनीतल्या भेगा, कोरडे नाले, वैशाखाच्या तोंडचे ऊन आणि महिनोन् महिने चाललेले बैल. पाच तोफा मांडून बार काढायला जो वेळ, जी उसंत आणि जो निश्चय लागतो तो पळत्या छावणीत कोठून येणार? मग प्रश्न उरतो की इतक्या दूरवर, इतक्या घाईत त्या ओढत का आणल्या? पळणाऱ्याने आधी ओझे टाकावे हे मराठी युद्धाचे बाळकडू. मला वाटते, बाजीरावाने तोफा लढण्यासाठी बाळगल्याच नव्हत्या. हत्ती, पालखी आणि तोफ यांवाचून पेशवा हा पेशवा दिसत नाही. तिन्ही चिन्हे त्याने शेवटपर्यंत जपली आणि तिन्ही एकाच दिवशी गेली. जीव तेवढा वाचला, आठ लाखांचे वर्षासन आणि ब्रह्मावर्ताचा गंगाकाठ वाट्याला आला.

आजच्या भारतीय सैन्यात तोफखान्याच्या पथकांना पायदळासारखे वेगळे निशाण नसते. तोफ हेच त्यांचे निशाण. संचलनात तोफा समोरून जातात तेव्हा निशाणाला द्यावा तसा मान त्यांना द्यायचा, आणि रणात तोफ शत्रूच्या हाती लागणे म्हणजे निशाण गमावणे. हा संकेत युरोपीय लष्करांतून आला आहे. पण त्याच मापाने शिवणीकडे पाहिले तर त्या दिवशी काय गेले हे अधिक स्पष्ट दिसते. शनिवारवाड्यावरचे निशाण उतरले ते वाड्याचे होते. सैन्याचे निशाण आणखी पाच महिने बैलांच्या मागून धूळ खात हिंडत होते आणि ते उतरले यवतमाळात.

या सैन्याच्या तोफखान्यातले सर्वांत जुने पथक म्हणून ज्याचा मान आहे ते ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी, आज ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये असलेले. त्याची स्थापना २८ सप्टेंबर १८२७ची. म्हणून देशभरचा तोफखाना दरवर्षी २८ सप्टेंबर हा दिवस पाळतो. स्थापनेच्या वेळी या पथकाचे नाव होते मुंबई पायदळ तोफखान्याच्या गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी. गोलंदाज! शिवणीनंतर साडेनऊ वर्षे पुरी व्हायच्या आत, त्याच मुंबई इलाख्यात, पेशवाईतला तोच शब्द कंपनीच्या हजेरीपटावर अधिकृत नाव म्हणून चढतो. कंपनीने प्रारंभी हिंदी माणसाला तोफ चालवायला शिकवण्याचे शक्य तितके टाळले होते. त्याला ओढण्या-उचलण्याचे काम, बत्ती गोऱ्याच्या हाती. ती बत्ती हिंदी हातांत देण्याची वेळ आली तेव्हा तिला नाव मात्र देशी घ्यावे लागले.

शिवणीला किंवा त्याआधी विखुरलेले गोलंदाज या नव्या कंपन्यांत भरती झाले असतील का, हा मोहात पाडणारा प्रश्न आहे. कादंबरीकाराने तो जरूर सोडवावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नावांची यादी हाती नसताना दोन टोके जोडू नयेत. आणि परंपरा म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा असेच कुणीतरी जोडलेले असते. मुंबईच्या या बॅटऱ्यांचीच पुढची कथा पाहा. १८५७नंतर इंग्रजांनी हिंदी तोफखाना जवळजवळ सगळा मोडला. डोंगरी बॅटऱ्या आणि हैदराबाद कंटिंजंटच्या तोफा यांसारखे थोडे अपवाद ठेवले. मुंबईच्या दोन कंपन्या वाचल्या, पण हळूहळू नाव मुंबईचे आणि माणसे पंजाबची, शीख आणि मुसलमान, अशी त्यांची घडण झाली. तोफ खेचरांवर चढली. या दोघींपैकी जेकबची बॅटरी १९१५मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर लढली आणि १९४७ला पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तोफा ओढत नेण्याचा मैदानी तोफखाना हिंदी माणसाच्या हाती पुन्हा आला तो १५ जानेवारी १९३५ला, बंगळूरला. आता तोफखान्याची शाळा देवळालीला आणि केंद्र नाशिकरोडला आहे, ब्रीदवाक्य 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल' असे संस्कृत-फारसी मिश्र आहे, आणि महाराष्ट्राच्या भूमीवर वावरणाऱ्या या तोफखान्याच्या वर्षगणनेत भिवराव पानसे येत नाहीत. यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पथकाची परंपरा हजेरीपट अखंड असण्यावर मोजतात, आणि आपला हजेरीपट शिवणीला तुटला.

नावे गेली तरी बोली राहिली. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी खरा ऐवज तिथे आहे. तोफ शब्द तुर्की, दारू फारसीतला आणि मूळचा औषध या अर्थाचा, जंबूर म्हणजे गांधीलमाशी आणि त्यावरून उंटावरची छोटी तोफ. हे सारे मराठीने तोफखान्याच्या तळावर उचलले आणि मग घरात आणले. 'मोर्चा' म्हणजे तोफा मांडायची आडोशाची जागा, वेढ्यात एका ठिकाणी खिळलेली. आज तो शब्द रस्त्यावरून चालतो, आणि कापसाच्या भावासाठी यवतमाळच्या कचेरीवर येतो. 'सरबत्ती' तोफा-बंदुकांची होती, आता प्रश्नांची असते. 'पल्ला' गोळ्याचा होता, आता एस.टी.च्या गाडीचा असतो. फुसका बार, टप्प्यात येणे, भडिमार, तोफेच्या तोंडी देणे: हे बोलताना आपण कोणाची भाषा बोलतो आहोत याचे भान वक्त्याला नसते. आणि गोलंदाज तर क्रिकेटच्या मैदानावर उतरला. त्याला जोडीदार हवा म्हणून त्याच साच्यातून 'फलंदाज' घडवला गेला.

शिवणीनंतर तेरा वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. जेम्स मोल्सवर्थ हा मुंबईच्या सैन्यातला कॅप्टन. पुण्याच्या परिसरातले शास्त्री हाताशी धरून त्याने आणि कँडी बंधूंनी हे शब्द वेचले तेव्हा पेशव्यांच्या तोफांवर काम केलेली माणसे त्या परिसरात हयात असणार. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या त्याच्या कोशात 'गोलंदाज' या शब्दापुढे एकच अर्थ दिलेला आहे: तोफ चालवणारा.